बोनेट उघडायच्या आधीच नारळ फुटला

मंडळी, आज पुरता अडकलोय.

आमची जुनी गाडी आता रस्त्यात कुठंही बंद पडते, म्हणून चांगली सेकंडहँड शोधत होतो. खुटबावला दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीचे सासरे म्हणाले, आमचीच घ्या. आमचे आबा लगेच खूश. "घरातली गाडी घरातच ऱ्हाईल!"

सकाळी केडगावचा ओळखीचा मेकॅनिक घेऊन गेलो. तो बोनेटला हात लावतोय तोवर आबांनी चाकापुढं नारळ फोडला! बहिणीच्या सासूबाईंनी हळदकुंकू वाहिलं. मेकॅनिक माझ्याकडं बघून मागं सरला. सोयऱ्यांच्या दारात, नारळ फुटल्यावर, गाडी तपासायची कुठल्या तोंडानं?

निघताना बहीण खोबरं द्यायला आली आन् हळूच म्हणाली, "दादा, न्हाई म्हण. पुरात सीटपर्यंत पाण्यात हुती ही गाडी. पण मी सांगितलं म्हणू नको, मला हितंच ऱ्हायाचंय."

उद्या गाडी आणायला जायचंय. न्यायला नकार दिला, की सासरे पहिलं विचारणार, "कुणी सांगितलं?"

एखादं कारण सुचवा, राव. फक्त बोट तिच्याकडं जाता कामा नये.