लाल पेन आणि माझी गिऱ्हाइकं

ज्या जाहिरातीच्या ऑफिसात मी मराठी मजकूर लिहायचे ते बंद पडलं, तेव्हा घरूनच भाषांतराची कामं घ्यायची असं मी ठरवलं. सगळ्यांनी सांगितलं, इंटरनेटवर कामं मिळवून देणाऱ्या साइट आहेत, तिथं नाव नोंदव. नोंदवलं. मग कितीतरी महिने मी तिथं हसरा फोटो लावून बसले, बाजारात मेथीची जुडी मांडून बसावं तशी. एकानं नमुना म्हणून अख्खी पुस्तिका फुकटात करून घेतली आणि गायब झाला. दुसऱ्याला मराठीचा म कळत नव्हता, त्यानं ‘भाषा सुधारा’ असा शेरा मारून मला दोन तारे दिले. त्याच दिवशी मी खातं बंद केलं.

“मंग आता गिऱ्हाईक कुठून आणणार?” सासूबाईंनी विचारलं.

“ओळखीतून, आई.”

“आपली ओळख कुणाशी हाय? दूधवाल्याशी. त्याला काय भाषांतर करून देणार, म्हशीचं?”

माझ्या सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, पण पर्समधलं लाल पेन निवृत्त झालं नव्हतं. बोलताना त्या अस्सल मराठवाडी बोलायच्या, मात्र पेन हातात आलं की एक वेलांटी इकडची तिकडं खपवून घ्यायच्या नाहीत. पडेगावच्या आमच्या घरात त्यांना रागवायला मुलं उरली नव्हती. मी आणि नवरा दोघंही मोठे, आणि तो तर चुकाच करत नाही, कारण काही लिहीतच नाही.

एकदा त्यांचा नवा चष्मा आणायला आम्ही औरंगपुऱ्यात गेलो आणि दुपारी एका खानावळीत जेवायला बसलो. नव्या चष्म्यातून सासूबाईंनी मेनूकार्ड वाचायला घेतलं.

“शाखाहारी थाळी म्हणं. फांद्या खातेत का इथं?”

“आई, हळू.”

“आन् हे बघ, ‘उपहासाचा साबुदाणा’. खाणाऱ्याची चेष्टा करून वाढतेत वाटतं!”

मी हात धुवायला उठले. परत आले तर त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून कार्ड बाहेर काढून अख्खं तपासलं होतं. गोल, फुल्या, बाण. खाली शेरा: ‘शुद्धलेखन असमाधानकारक. १०० पैकी ३४. पालकांची सही घेऊन भेटावे.’ मी घाईघाईनं कार्ड परत पाकिटात सरकवलं. बाहेर पडताना त्या इतक्या भराभर चालल्या की मला विचारावं लागलं, “आई, एवढी घाई कशाची?”

“नवा चष्मा हाय. चालून बघते.”

दुसऱ्या दिवशी मला फोन आला. आवाज जाडाभरडा. “चौतीस मार्क तुम्हीच दिले का?” शेऱ्याच्या खाली सासूबाईंनी माझा मोबाईल नंबर लिहिला होता!

“माफ करा, आमच्या घरातल्या थोरल्या बाई...”

“माफी नको. या तुम्ही. दोघीबी या.”

मी रात्रभर काळजी करत बसले. सासूबाईंनी मात्र ठेवणीतली साडी काढली.

खानावळीचा मालक गल्ल्यापाशी उभा होता, हातात ते कार्ड. शेजारच्या खुर्चीवर त्याचे म्हातारे वडील बसले होते. मालकानं कार्ड आमच्यापुढं धरलं. सासूबाईंच्या शेऱ्याच्या बाजूला थरथरत्या अक्षरात खरोखरच सही होती.

“बापाची सही आणली,” मालक म्हणाला. “आता बोला पुढं.”

म्हातारबाबा हसू दाबता दाबता खोकायला लागले. मग त्यांनी सांगितलं, की कॉलेजची पोरं मुद्दाम ‘एक प्लेट उपहास’ मागायची आणि एकमेकांना टाळ्या द्यायची. बापलेकांना कधी कळलंच नाही की पोरं कशाला हसतात. “आम्ही दोघंबी शाळेत लई टिकलो नाय, बाई. तुमी सांगितलं तवा कळलं. नायतर असंच हसू होत राहिलं असतं.”

ते ऐकून मला वाईट वाटलं. सासूबाईंनाही वाटलं असावं, कारण त्यांनी लाल पेन काढून माझ्या हातात दिलं. नव्या मेनूकार्डाचा मजकूर मी तिथंच बसून लिहून दिला. माझं पहिलं गिऱ्हाईक, आणि कुणी तारेही दिले नाहीत.

त्यानंतर आम्ही पद्धत ठरवली. मार्क द्यायचे नाहीत, कार्ड मागं टाकून पळायचं नाही. चुकलेल्या पाटीचा फोटो काढायचा, दुरुस्त मजकूर छापून मालकाच्या हातात द्यायचा आणि गोड बोलायचं. गोड बोलायचं काम माझं. त्यातून मला मिठाईचं दुकान, दातांचा दवाखाना आणि एक मंगल कार्यालय अशी कामं मिळाली. एका कापड दुकानदारानं मात्र हाकललंच. “काही काम नाय का तुम्हाला?” तो ओरडला.

“तेच तर शोधतोय,” सासूबाई म्हणाल्या.

मग खानावळीच्या मालकानं त्याच्या मेहुण्याला माझा नंबर दिला. मेहुणा शेंद्र्याच्या एका कारखान्यात सुरक्षा अधिकारी. तिथल्या सूचनांच्या पाट्या कुणीतरी संगणकाकडून इंग्रजीतून मराठीत करून घेतल्या होत्या. आम्ही दोघी डोक्यावर हेल्मेट घालून बघायला गेलो. आग लागल्यावर सगळ्यांनी जिथं जमायचं, त्या मोकळ्या जागेवर मोठ्या अक्षरात ‘असेंब्ली पॉइंट’ची मराठी पाटी होती: ‘विधानसभा बिंदू’.

“आग लागली की मुंबईला जायचं का?” सासूबाईंनी अधिकाऱ्याला विचारलं.

“कामगारबी तेच म्हणतेत,” तो कसनुसा हसला.

आठवडाभर खपून मी सगळ्या पाट्या नव्यानं लिहिल्या. त्या जागेसाठी लिहिलं, ‘आपत्कालीन एकत्रीकरण स्थळ’. सासूबाईंनी एकूण एक वेलांटी तपासून दिली. मी ऐटीत कामगारांपुढं वाचून दाखवलं. मागून एक वयस्क फिटर म्हणाला, “ताई, शुद्ध हाय. पण आग लागल्यावर एवढं वाचेपर्यंत माणूस भाजून निघंल की.”

सगळे हसले. “मग तुम्ही काय लिहाल?” मी विचारलं.

“आग लागली की इथं पळा.”

मी सासूबाईंकडं बघितलं. मुलांनी वहीत ‘येथे’ऐवजी ‘इथं’ लिहिलं म्हणून या बाईनं आयुष्यभर मार्क कापले होते. त्यांनी पेन काढलं, माझं एकत्रीकरण आडवं खोडलं आणि वर स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिलं, ‘आग लागली की इथं पळा.’

“व्हय,” त्या म्हणाल्या. “हेच बरोबर हाय.”

पाट्या लागल्यावर कारखान्यानं आगीचा सराव ठेवला आणि आम्हालाही बोलावलं. भोंगा वाजला. शेडमधून माणसं निघाली, पण कुणाला खरी घाई नव्हती. एक जण तर चहाचा कप घेऊन चालला होता. अचानक माझ्या शेजारून पदर खोचून सासूबाई सुटल्या. हेल्मेट डोळ्यांवर घसरलेलं, एका हातानं ते सावरत त्या धावल्या आणि पाटीखाली सगळ्यांच्या आधी पोचल्या. त्यांना पळताना बघून बाकीचेही हसत हसत पळाले.

सगळे जमले तेव्हा मला वाटलं, आता संपलं. पण सासूबाईंनी अधिकाऱ्याच्या हातातली कामगारांच्या नावांची यादी ओढून घेतली आणि हजेरी सुरू केली. मोठमोठे बाप्ये ‘हजर’ म्हणायला लागले. सगळी यादी वाचून झाली तेव्हा दोघं कमी भरले. ते गोदामाच्या मागं तंबाखू मळत बसले होते, त्यांना भोंगा ऐकूच गेला नव्हता.

“आमच्या सरावात हजेरी नव्हतीच की हो,” अधिकारी म्हणाला.

“मंग कोण जळालं ते तुम्हाला कळणार कसं?” सासूबाईंनी विचारलं.

त्यानं तिथंच शेजारच्या कारखान्यातल्या ओळखीच्याला फोन लावला. मला वाटलं, माझ्या भाषांतराची शिफारस करतोय. कान देऊन ऐकलं तर म्हणत होता, “पाट्याबिट्या ताई करून देतील. पण सरावाला त्यांच्या सासूला बोलवाच.”