मावशीची पाण्याची बाटली

मुलांनो, दर वेळी फोनवर तुम्ही विचारता, "आजी, आपली मासेवाली मावशी कशी आहे?" तर ऐका.

खारदांड्याची ही मावशी अंधेरीला आमच्या गेटपाशी सकाळी टोपली मांडते ती दुपार उलटेपर्यंत. गेल्या वर्षी तिला लघवीला सारखी जळजळ व्हायची, मधूनच ताप यायचा. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, भरपूर पाणी प्या. मावशी घोटभरही पीत नसे.

"प्यायले की जावं लागंल. जाऊ कुठं, बाय?"

मी म्हटलं, माझ्याकडे ये. पण टोपली सोडली की मांजरं टपलेली, आणि लिफ्टमधले लोक नाकाला रुमाल लावणार. तळमजल्यावर सोसायटीचा संडास होता, पण चावी सेक्रेटरींकडे. मी सभेत विषय काढला. ते म्हणाले, "आज तिला दिली, उद्या सगळ्याच मागतील." विषय तिथंच मिटला.

मग मार्गशीर्ष लागायच्या आधीचा रविवार आला. पुढे महिनाभर घरात मासे बंद, म्हणून अख्खी बिल्डिंग पिशव्या घेऊन खाली. सेक्रेटरी सगळ्यांच्या पुढे.

"मावशी, पापलेट दे. मोठं बघून."

मावशीनं टोपलीवर ओलं फडकं ओढलं, माझ्याकडून पाण्याची बाटली मागून घेतली आणि सगळ्यांसमोर गटागटा रिकामी केली.

"डाक्टर बोललाय पाणी पी. प्यायले. आता चावी दे रे भाऊ, नायतर मी चालले दांड्याला. पापलेट पण माज्यासंगती."

रांगेत हशा पिकला. "अहो, द्या ना!" "आमच्या रविवारची वाट लावू नका!" सेक्रेटरी कसलासा नियम सांगू लागले, तोच दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, "चावी द्या आधी! वाटण करून बसलेय मी इथं!"

चावी वॉचमनच्या केबिनमधल्या खिळ्यावर आली, ती आजही तिथंच आहे. सेक्रेटरी म्हणाले होते तसंच झालं. भाजीवाली, घरकामाच्या बायका, सगळ्याच मागू लागल्या, आणि कुणाचं काही बिघडलं नाही. सगळ्यात मोठं पापलेट त्या दिवशी मावशीनं सेक्रेटरींच्याच पिशवीत टाकलं.

तिचा ताप त्यानंतर आला नाही. आता ती खालून बिनधास्त हाक मारते, "बाय, पानी संपला गो!" आणि मी भरलेली बाटली घेऊन खुशीत खाली उतरते.