बाळगोंडाअण्णांची पिवळी साखर

बाळगोंडाअण्णा आपली साखर कुणाला आधी दाखवत नसत. समोरच्याला डोळे मिटायला लावत आणि मग त्याच्या तळहातावर चिमूटभर साखर ठेवत. "डोळं झाका, आन् मग चाखा," एवढंच म्हणत. समोर वकील असो की हमाल, त्यात फरक नसे. बेळगावात गणपत गल्लीतल्या आमच्या किराणा दुकानात ते पहिल्यांदा आले तेव्हा मीही डोळे मिटले. जिभेवर आधी गोडी आली आणि तिच्या मागून ताज्या उसाच्या रसाचा वास. डोळे उघडून पाहिलं तर तळहातावर होतं ते पिवळसर, किंचित ओलसर.

"पिवळी आहे हो," मी म्हणालो.

"म्हणून तर डोळं झाकाय लावलं," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

अण्णा संकेश्वरजवळच्या, हिरण्यकेशीच्या काठच्या एका खेड्यातले जैन शेतकरी. उंच, वाकलेले, रस आटवायच्या काहिलीच्या धगीनं हात कोपरापर्यंत काळवंडलेले. त्यांच्या गावात ऊस पिकवणारा प्रत्येकजण गूळ करी. अण्णा एकटे साखर करत. त्या काळी बाजारात मिळायची ती पांढरीशुभ्र साखर बोटीनं परदेशातून यायची. आमच्याकडं तिला सरसकट 'मोरस' म्हणत. जावा बेटातली की मॉरिशसची याची चौकशी कुणी करत नसे. ही साखर हाडांच्या कोळशातून गाळून पांढरी करतात, असं अण्णांच्या आईनं बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, प्रवचनाला ऐकलं आणि त्या दिवसापासून साखर सोडली. "मरताना आईला घोटभर दूध पाजलं, तेबी बिनसाखरेचं," अण्णा मला एकदा म्हणाले. "गूळ घातला की दूध नासतंय. सात एकर ऊस दारात, आन् म्हातारीला गोड करून द्यायला माझ्याजवळ साखर न्हाय." आई गेल्यावर ते कुठंकुठं हिंडून साखर करायला शिकून आले.

काम मोठं चिकाटीचं होतं. रस काकवीपर्यंतच आटवायचा, मडक्यांत भरून दाणा पडायची महिनाभर वाट पाहायची, मग पोत्यांत घालून निथळत ठेवायची. शेजारी गूळ विकून मोकळे होत तेव्हा अण्णा अजून मडकी हलवून बघत असत. शेवटी साखर हाती लागायची ती थोडीशीच. त्यामुळं मोरसपेक्षा शेरामागं दोन पैसे जास्त घेतल्याशिवाय त्यांना परवडत नसे. नदीतलं शेवाळ वर थापलं की साखर बरीच पांढरी होते, हे त्यांना ठाऊक होतं. मी तसं सुचवलंही.

"शेवाळात काय थोडं जीव असत्यात व्हय शेट?" ते म्हणाले. "पांढऱ्यासाठी जीव घ्यायचा, तर मग मोरसनं काय वाईट केलंय?"

बंगालच्या फाळणीनंतर आमच्या गावातही स्वदेशीचं वारं शिरलं. देवळाच्या आवारात सभा झाली. आमच्याच गल्लीत राहणारे एक नामांकित वकील अध्यक्ष होते. त्यांनी मोरसचं एक पोतं सगळ्यांदेखत विहिरीत ओतवलं आणि लोकांनी हात वर करून शपथ घेतली की परदेशी साखर घरात आणणार नाही. मग वकीलसाहेबांनी अण्णांना पुढं बोलावलं, त्यांच्या गळ्यात हार घातला आणि "दोन पैशांसाठी देश विकणारे आपण नव्हे," असं खणखणीत आवाजात सांगितलं. घरी जाताना बैलगाडीत बसल्यावर अण्णांनी मला विचारलं, "इतकी माणसं घेणार म्हटल्यावर माझ्याच्यानं पुरवठा कसा व्हायचा वो?" त्या वर्षी त्यांनी शेजाऱ्याचाही ऊस घेतला आणि आणखी दोन काहिली बसवल्या.

पहिले दोन महिने साखर खपली. सणासुदीचे दिवस आले तशी कुरकुर सुरू झाली. श्रीखंड मळकट दिसतं. बासुंदी जळल्यासारखी वाटते. व्याही आले तर त्यांना वाटतं, यांनी काटकसर केली. वकीलसाहेबांच्या पत्नी स्वतः दुकानात आल्या. बाई मनानं चांगल्या होत्या. "देशासाठी घरात आम्ही हीच खाऊ हो," त्या म्हणाल्या, "पण पंगतीत कसं वाढायचं?" मग आवाज खाली करून त्यांनी विचारलं, "ती दुसरी आहे का?" त्यानंतर कितीतरी जणांनी मला तोच प्रश्न त्याच आवाजात विचारला. मोरस मी दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवून मागच्या दारानं देऊ लागलो. अण्णांची पोती पुढं होती, ती पावसाळ्यात ओल धरून बसली.

आता जे सांगायचं ते माझंच आहे. अण्णा पुढच्या खेपेला आले तेव्हा त्यांची जुनी साखर तशीच पडून होती, आणि ते मला सांगण्याचं धाडस झालं नाही. "जाते आहे हळूहळू," असं मी म्हणालो आणि नवी पोतीही ठेवून घेतली. नंतर मी त्यांची पोती मागं हलवली आणि पुढं ठेवलेल्या, 'संकेश्वरची देशी साखर' अशी पाटी लावलेल्या पिंपात मोरस ओतली. भाव अण्णांचाच ठेवला. मनाची समजूत घातली की यातून त्यांचंच नाव होईल, पैसेही त्यांनाच मिळतील. ते मी दिलेही.

साखर धडाधड खपू लागली. लोक खुशीनं दोन पैसे जास्त देत आणि जाताना म्हणत, "बघा, आता किती सुधारणा झाली." वकिलीणबाईंनी मुलीच्या लग्नाला तीच नेली. मागच्या दाराचं गिऱ्हाईक पुन्हा पुढून येऊ लागलं.

वर्षभरानं त्याच आवारात पुन्हा सभा झाली. अण्णा मुद्दाम गाडी जुंपून आले होते आणि मागं, चपलांपाशी बसले होते. वकीलसाहेबांनी ताटलीत माझ्या दुकानची साखर घेऊन वर धरली. उन्हात ती चमकली. "आपला शेतकरी मनावर घेईल तर परदेशी कारखान्यांच्या तोंडात मारील असा माल करतो, त्याचा हा पुरावा," ते म्हणाले. टाळ्या झाल्या. मी अण्णांकडं पाहिलं. ते टाळ्या वाजवत नव्हते.

सभा संपून मी दुकानात आलो तर ते आधीच तिथं येऊन उभे होते. त्यांनी स्वतः पिंपाचं झाकण काढलं. चाखलीसुद्धा नाही, चिमूट बोटांत चोळून पुन्हा आत टाकली.

"कवापासनं?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यापासून," मी म्हणालो.

"माझी कुठं हाय?"

मी मागची खोली उघडली. पोत्यांची बुडं काळी पडली होती, काकवी पाझरून जमिनीवर वाळली होती आणि मुंग्यांची रांग भिंतीपर्यंत गेली होती. अण्णा उंबऱ्यातच थांबले.

"दोन पैसं जास्त देत्यात लोकं?"

"देतात."

"कुरकुर न्हाय?"

"नाही."

ते खाली बसले. "मला वाटत हुतं, दोन पैशाची अडचण हाय," ते म्हणाले. "म्हणून पोरांच्या तोंडचं काढून मी दर उतरवायचा इचार करत हुतो."

मी काहीबाही बोललो, माफी मागितली. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. त्यांनी मुंग्या हलक्या हातानं झाडून पोती गाडीत घातली. पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढले नाहीत. त्या साली त्यांनी उसाचा गूळ केला, सगळ्यांसारखा.

पुढं पुष्कळ वर्षांनी, इन्फ्लुएंझाची साथ ओसरली तेव्हा, अण्णा अंथरुणाला खिळल्याचं कळलं म्हणून मी त्यांच्या गावी गेलो. ओसरीवर घोंगड्यावर पडून होते. मला ओळखलं. मी जुना विषय काढला, तशी त्यांनी हात हलवला.

"तुमच्यावर राग न्हाय शेट. तुमी निदान माझं नाव तरी खपवलंसा. माल कुणालाच नगं हुता."

सुनेनं पितळी पेल्यातून दूध आणलं. पहिल्या घोटालाच कळलं, साखर मोरस होती. तिला काही ठाऊक नव्हतं. "पाव्हणं बेळगावचं, म्हणून मुद्दाम पांढरी मागवलीया," ती सासऱ्याला कौतुकानं म्हणाली. अण्णांनी माझ्याकडं पाहिलं नाही. "प्या," ते म्हणाले, "गार हुईल." मी पेला रिकामा केला.

दोन महिन्यांनी त्यांच्या गावचा एक गाडीवान दुकानात आला. त्याच्याकडून कळलं की अण्णा गेले. मुलानं ऊस मोडून तिथं तंबाखू लावला, काहिली विकल्या. निपाणीचे व्यापारी शेतावर येऊन माल उचलतात. "आता बरं चाललंय त्यांचं," गाडीवान म्हणाला. मग त्यानं घरच्यासाठी एक शेर साखर मागितली. कुठली, ते त्यानं विचारलं नाही. मी बांधून दिली.