नडलंय का?

आमच्या आत्याने उभ्या आयुष्यात कुणाला शिवी दिली नाही. तिला कधी गरजच पडली नाही. "नडलंय का?" एवढं ती विचारायची आणि समोरचा माणूस सोललेल्या कोंबडीसारखा उभा राहायचा.

नवी वस्तू दिसली की ती आधी दोन बोटांनी चाचपायची, मान तिरकी करायची आणि मग विचारायची. तिच्या लेखी जगातल्या वस्तूंचे दोनच प्रकार होते. जिच्यावाचून चूल अडते ती वस्तू आणि बाकी सगळा कचरा. तिच्या गावात, कडावात, लोक तिला 'नडआत्या' म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे. ती ऐन तारुण्यात विधवा झालेली, पोरबाळ नाही, दोन म्हशी आणि थोडं भाताचं शेत यांवर एकटीने आयुष्य काढलेलं. तिला कुणाचं भय असण्याचं कारणच नव्हतं. भय होतं ते आम्हाला.

मी खालापुरात राहतो आणि रसायनीच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार जरा बरा झाला तसा एका गोड आवाजाच्या मुलीचा फोन आला आणि पंधरा दिवसांत माझ्या खिशात क्रेडिट कार्ड आलं. पाठोपाठ पंचावन्न इंची टीव्ही आला. आत्या तो बघायला आली, तेव्हा आमच्याकडे माझ्या कारखान्यातले चार जण चहाला बसले होते. तिने टीव्हीला दोन बोटं लावली.

"नडलंय का रं? का भिंत पडत होती म्हणून टेकू दिलास?"

चौघे हसले. पुढचा महिनाभर कारखान्यात माझं नाव टेकू होतं. बिनतेलाचे वडे करायचं यंत्र आणलं तेव्हा तिने एक वडा खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाली, "गं वैशाली, ह्यो वडा नाय. ही शिक्षा हाय."

वैशाली, म्हणजे माझी बायको, तेव्हा हसली होती. पैठणीच्या वेळी नाही हसली. माझ्या मावसभावाच्या लग्नासाठी तिने कर्जतच्या दुकानातून कार्डावर पैठणी घेतली. भर मांडवात, नवरीकडच्या बायका बसलेल्या असताना, आत्याने तिचा पदर हातात घेऊन नीट न्याहाळला. म्हणाली, "झ्याक हाय. पदर तरी तुझा हाय ना गं, का तोबी बँकेचाच?" बायका तोंडाला रुमाल लावून हसल्या. वैशाली त्या दिवशी जेवली नाही. मी आत्याला बाजूला घेऊन म्हटलं, "असं बोलतात का चारचौघांत?" तर म्हणाली, "बोलली कुटं? मी इचारलं." तिला खरोखरच पश्चात्ताप वगैरे काही नव्हता. तो ती हौसेच्या वस्तूंतच धरत असावी.

कार्डावर तिचा राग होता असंही नाही. "दवाखान्यात नडलं तर काढ, नायतर हात खिशात ठेव," असा तिचा साधा हिशेब. मी एकदा म्हटलं, "अगं, उधारी तर तूही वाण्याकडून घेतलीस." तेव्हा ती चक्क विचार करून बोलली. "वाण्याच्या उधारीला तोंड असतं रं. त्यो समोर दिसला की आपण रस्ता बदलतो. लाज वाटती. ह्या कार्डाला तोंडच नाय. लाजायचं कुणाला?" मी हे बोलणं कारखान्यात माझं म्हणून खपवलं.

आणि खपवत असतानाच खड्ड्यात गेलो. बिलावर खाली एक छोटा आकडा छापलेला असायचा, कमीत कमी भरायचा. मी भक्तिभावाने तेवढाच भरत होतो आणि वाटत होतं की बिल फिटतंय. दीड वर्षाने वसुलीवाले कारखान्याच्या फोनवर माझी चौकशी करू लागले. साहेबाने मला केबिनमध्ये बोलावलं. नोकरीवर गदा यायची वेळ आली, तेव्हा वैशालीने, मला न विचारता, आत्याला फोन केला.

दुसऱ्या दिवशी आत्या आली. पिशवीतून नोटांचं पुडकं काढून तिने माझ्यासमोर ठेवलं. "गंगी इकली," ती म्हणाली. गंगी म्हणजे तिची दुभती म्हैस. मी रडायलाच लागलो. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "नडलंय आता." आयुष्यात पहिल्यांदाच त्या शब्दापुढे प्रश्न नव्हता. मला वाटलं, आता डोक्यावरून हात फिरवील. पण ती आत्या होती. "गंगीच्या गळ्यातली घंटा इकली नाय. ठेवलीय. परत कार्ड चालवलंस तर तुझ्या गळ्यात बांधीन."

त्यानंतर मी सुधारलो. नको इतका सुधारलो. नवा मुसलमान बांग मोठ्याने देतो म्हणतात, तसा मी उठता बसता लोकांना विचारू लागलो, नडलंय का? वैशालीने चप्पल मागितली तरी विचारायचो. कार्ड फक्त औषधपाण्याला आणि गॅसला काढायचो, आणि वेळच्या वेळी पूर्ण बिल भरायचो. आत्याची गादी मीच चालवणार याबद्दल मला शंका नव्हती.

गेल्या वर्षी तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कर्जतला झालं. तपासणीला तिला घेऊन मी आणि वैशाली गेलो होतो. डॉक्टरांनी नवा चष्मा दिला आणि आम्ही बाजारातून चालत निघालो. एका फर्निचरच्या दुकानाबाहेर उंच आरशाचं टेबल ठेवलं होतं. आत्या त्याच्यासमोर थांबली.

"ही कोण रं म्हातारी?"

मी हसलो. ती हसली नाही. तिने डोक्यावरचा पदर मागे घेतला, कपाळापासून पायांच्या बोटांपर्यंत स्वतःला पाहिलं, मग कडेने वळून पाहिलं. तिच्या घरी खिडकीत आरशाचा एक तुकडा होता, पारा उडालेला. त्यात एका वेळी एक डोळा नाहीतर नाक दिसायचं. तिने दोन बोटं आरशाला लावली.

"केवढ्याला हाय?"

दुकानदार बाहेर आला. "नऊ हजार, आजी. कार्ड चालेल. हप्ते करून देतो."

आत्याने माझ्या खिशाकडे पाहिलं. तोंडाने काही मागितलं नाही. त्या बाईने मला जन्मात काही मागितलं नव्हतं, आणि माझ्या कार्डावर तेव्हा एक पैसा बाकी नव्हता. मला समजलं होतं. समजलं होतं म्हणूनच संधी सोडवेना. मी मान तिरकी केली, अगदी तिच्यासारखी.

"आत्या, नडलंय का?"

वैशाली फिस्सकन हसली. पैठणीपासूनचं सगळं हसू त्यात होतं. दुकानदारही हसला. दोघं हसली तसा मला चेव आला आणि मी पुढे म्हणालो, "आणि आता कुणाला दाखवायचंय गं?"

आत्याने पदर पुढे ओढला. "नाय रं," ती म्हणाली, "नाय नडलं." आणि आमच्याबरोबर हसलीसुद्धा. मी घरी येईपर्यंत स्वतःवर खूष होतो.

त्यानंतर तिने तो प्रश्न कुणालाच विचारला नाही. दिवाळीत आमच्याकडे आली तेव्हा वैशालीने नवे पडदे लावले होते. आत्याने कापड चाचपलं. आम्ही दोघं वाट बघत उभे राहिलो. "छान हायेत," ती म्हणाली आणि चहा पिऊन गेली.

माघात ती गेली. झोपेतच, कुणाला त्रास न देता. तिच्या ओट्यावर शेजारच्या काशीबाई मला सांगत होत्या, "हितं भिंतीला मोठा आरसा होता रं, तिच्या लग्नातला. तिचा नवरा गेला नि तेराव्याला सासूनं काढून इकून टाकला. म्हणाली, आता कुनाला दाखवायचंय तुला?"

मी उठून आत गेलो आणि खिडकीतला तो आरशाचा तुकडा बघून आलो.

नवव्या दिवशी मी कर्जतला गेलो, तेच दुकान, तेच टेबल. कार्ड काढलं. सुतकात खरेदी करू नये म्हणतात. वैशाली बरोबर होती. टेंपोतून आरसा कडावला नेला आणि आत्याच्या रिकाम्या घरात भिंतीला टेकून ठेवला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवले. कावळा शिवला नाही तर काय बोलायचं ते मी पाठ करून ठेवलं होतं. "आत्या, आरसा आणलाय." तासभर लागला तरी चालेल, सगळ्यांसमोर मोठ्याने म्हणायचं आणि मग हात जोडायचे, असं ठरवलं होतं. तिने थोडं ताटकळत ठेवावं अशी माझी फार इच्छा होती.

मी पिंड ठेवून मागे सरलो, वळलोही नव्हतो, तोच कावळा आला आणि घास घेऊन गेला.

"म्हातारीची कायबी इच्छा नव्हती रायलेली," मागे कुणीतरी म्हणालं. "सुटली." सगळे भराभर चपला शोधू लागले. माझं वाक्य तोंडातच राहिलं. तिला नडलं नव्हतं. नडलं होतं ते मला.