पत्रकातून गाळलेलं नाव

सुमनमावशीला जाऊन दीड महिना झाला. सकाळी चहा गाळता गाळता ती खाली बसली, ती उठलीच नाही... मी शहरातल्या गंगापूर रोडवरच्या माझ्या घरून गावी, पिंपळगावला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. आमची आई वारल्यावर अण्णांनी तिच्याशी लग्न केलं, तेव्हा मी बारा वर्षांची होते, माझा भाऊ प्रसाद नऊचा. आम्ही तिला कधी आई म्हटलं नाही. तिनेही तसा हट्ट धरला नाही.

प्रसाद बावीसचा झाला तरी त्याची प्रत्येक चूक अण्णा पोटात घालत. कॉलेज सुटलं, दोनदा गाडी ठोकली. "आईविना वाढलाय," हे अण्णांचं ठरलेलं उत्तर. मावशी तेव्हा समोरच उभी असायची.

औषध फवारलं की द्राक्षबागेच्या तोंडाशी लाल फडकं बांधायचं, म्हणजे बाया आत जात नाहीत, ही आमच्याकडची रीत. एके दिवशी प्रसादने फवारणी उरकली आणि मित्रांची हाक येताच फडकं न बांधता निघून गेला. बाया विरळणीला, घडांतले जादा मणी काढायला, आत शिरल्या. त्यांतल्या शांताबाई उलट्या करत बांधावर कोसळल्या, दोन दिवस दवाखान्यात राहिल्या. अण्णा म्हणाले, "फडकं वाऱ्याने उडालं म्हणून सांगू."

मी पेटले. लहानपणापासून चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली मी. रातोरात नाही, पण दोन बैठकांत पत्रक लिहिलं. औषध कंपन्या, सरकार, व्यवस्था, कुणाला सोडलं नाही. मावशीने चष्मा लावून ते शेवटपर्यंत वाचलं.

"लय भारी लिवलंय. पण यात आपला प्रसाद कुठं हाय?"

मी पत्रक तिच्या हातातून घेतलं आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं.

दुसऱ्या दिवशी ती प्रसादला घेऊन शांताबाईंकडे निघाली. आत्या दारात आडवी आली. "सावत्र ती सावत्रच! पोराची चारचौघांत शोभा करतीस?"

"सख्खी असते तर दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते," मावशी म्हणाली. "सावत्र हाय, म्हणून नीट करावं लागतंय. सरका."

प्रसादने सगळ्या बायांसमोर चूक कबूल केली. शांताबाई म्हणाल्या, "माफी ऱ्हाऊ दे बाबा. माझ्या ओळीची विरळणी कोन करनार?"

पुढचे तीन आठवडे तो त्यांच्या ओळीत कात्री घेऊन उभा राहिला. बाया चिडवायच्या, "मालक, मणी काढा, आख्खा घड नका छाटू!" तो मावशीशी बोलत नव्हता. तिने त्याचं ताट वाढणं थांबवलं नाही, आणि त्याला ओळीत धाडणंही.

मी पत्रक फाडून पुन्हा लिहिलं. पहिलंच वाक्य माझ्या भावाच्या हलगर्जीपणाचं होतं, त्याच्या नावासकट.

मावशीचा बटणांचा फोन आता प्रसादकडे असतो. फवारणीच्या आदल्या दिवशी, मावशी करायची तसाच, तो त्यावरून प्रत्येक बाईला बागेत येऊ नका म्हणून कळवतो. गेल्या आठवड्यात अण्णा म्हणाले, "त्यांना तुझा नंबर देऊन टाक की. त्यांच्या फोनवर अजून 'सुमनताई' असंच नाव दिसतं."

"दिसू द्या," प्रसाद म्हणाला. "तिचं नाव बघून त्या थांबतात. माझं बघून थांबायला लागल्या, की बदलू."