डावी पाकळी

आमच्या देवळात कौल लावतात. पाषाणाच्या दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. काजूच्या कारखान्यासाठी मी तीनदा कौल लावला, तिन्ही वेळा डावीच पडली. हातगाडीपासून घासाघीस करत वर आलेला मी. एवढ्यावर ऐकणार थोडाच? काल चौथ्यांदा गेलो.

माझ्यापुढे वाडीतली पार्वतीकाकू होती. मुलाला आखातात पाठवायचं तिने ठरवलं होतं. तिचीही डावीच पडली. तिने डोळे पुसले, केरसुणी उचलली आणि रोजच्यासारखं देवळाचं अंगण झाडू लागली.

मला राहवेना. "काकू, राग नाही आला?"

"आला तर! चांगलं सुनावलंय त्याला मनात. म्हणून अंगण तसंच ठेवू? पाय उचला शेठ, केर आहे तिथे."

मी बाजूला झालो. आमच्या धंद्यात सौदा फिसकटला की माणूस उठून जातो. ही उठलीच नव्हती. असं कसं जमतं?

"शेठ, लावू पाकळ्या?" गुरवाने विचारलं.

"आज नको," म्हणालो, आणि देवासमोर तसाच बसून राहिलो, धुसफुसत.