गेलं नाही, पट्टीखाली आहे

त्या माणसाला सगळी गल्ली काटकोन म्हणायची. तोंडावर नाही, तोंडावर काका. फोटोंना आणि चित्रांना फ्रेम बसवून देण्याचा त्याचा धंदा. कोपऱ्यावर काटकोन तपासायचा गुण्या ठेवल्यावर केसाएवढी फट दिसली तरी त्याला अन्न गोड लागत नसे. पण नाव पडलं ते तेवढ्यामुळे नाही. माणसांच्या बाबतीतही तो कधी वळायचाच नाही. सरळ जायचा, समोरच्यावर आदळायचा आणि वर त्यालाच विचारायचा की वाटेत का उभा होतास.

दुकान अरुंद. पुढे टेबल, मागे करवत, भिंतीवर पट्ट्यांच्या नमुन्यांचे कोपरे ओळीने टांगलेले. खाली लाकडाचा भुसा आणि काचेच्या कपच्या, त्यामुळे गिऱ्हाइकाने कुठे पाय ठेवायचा हेही तोच ओरडून सांगायचा. भांडणाशिवाय बाहेर पडलेलं गिऱ्हाईक क्वचितच. आणि भांडण बहुतेक वेळा एकाच गोष्टीवरून. फ्रेमच्या पट्टीला आतून खाच असते, तिच्यात काच आणि चित्र बसतं, आणि त्या खाचेची कड चित्राचा चारही बाजूंनी नखाएवढा भाग झाकते. लोकांना हे कळत नाही. एखादी बाई तयार फ्रेम हातात घेऊन म्हणायची, "अहो, फोटोत आमच्या सासूबाईंच्या चपला होत्या. त्या कुठे गेल्या?"

"गेल्या नाहीत, पट्टीखाली आहेत," काटकोन म्हणायचा. "आणि चपलांना नमस्कार करायचाय का तुम्हाला?"

गेलं नाही, पट्टीखाली आहे. हे वाक्य त्याने जन्मभर इतक्या वेळा म्हटलं होतं की झोपेतही म्हणत असेल. बायको होती तोवर ती गिऱ्हाइकाला चहा देऊन सावरून घ्यायची. ती गेल्यावर सावरणारं कुणी उरलं नाही, आणि गिऱ्हाइकंही फारशी उरली नाहीत.

टेबलाच्या वर एक चित्र टांगलेलं होतं. लेक शाळेत असताना तिने काढलेलं, बक्षीस मिळालेलं. दुकानाचं टेबल, आणि त्याच्यामागे शेजारी शेजारी उभे आई आणि बाबा. बाबांच्या हातात करवत, भुवया रागाने जोडलेल्या. "बघा, लेकीचं चित्र," तो नव्या माणसाला दाखवायचा. "कोपरे बघा. एवढ्या वर्षांत हललेत का?" चित्राबद्दल तो तेवढंच बोलायचा.

लेक लग्न होऊन दूरच्या शहरात गेली आणि काटकोनाला वैरी मिळाला: जावई. पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा नुकत्याच पुसलेल्या काचेवर त्याने कोपर टेकवलं आणि हसत म्हणाला, "बाबा, हल्ली फ्रेम करतं कोण? आम्ही सगळे फोटो स्क्रीनवरच बघतो." बिचारा बोलायचं म्हणून काहीतरी बोलला असेल. काटकोनाने ते मनात खिळ्याने ठोकून ठेवलं.

आणि याच जावयाने त्याला टॅब आणून दिला. नातीशी दर रविवारी समोरासमोर बोलता यावं म्हणून. टेबलावर तो चालू करून देताना जावयाने स्वतःचाही टॅब काढून शेजारी ठेवला, आणि तिथेच घोटाळा झाला. जावयाच्या टॅबवर चित्र पार कडेपर्यंत गेलेलं, काठ असून नसल्यासारखा. सासऱ्याच्या टॅबला मात्र चहूकडून अंगठ्याएवढा जाड काळा काठ.

लेक-जावई गेल्यावर काटकोनाने मोजपट्टी घेऊन काठ मोजला, आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जाड पट्टी कुणाच्या फोटोला लावतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. ज्या फोटोच्या कडा उंदराने कुरतडलेल्या असतात, त्याला! स्वतःला दोऱ्याएवढा काठ आणि सासऱ्याला दाराची चौकट. त्या दिवसापासून टॅब हातात घेताना तो नातीकडे हसून बघायचा आणि काठाकडे खाऊ की गिळू असा.

नातीवर मात्र त्याचा जीव होता. खोटं कशाला बोला, जगात तिच्या एकटीवरच होता. तिने 'आजोबांचं दुकान' असं चित्र काढलं आणि त्याला सांगितलं, तेव्हापासून त्याला दुसरं काही सुचेना. त्याने ठेवणीतली सागवानी पट्टी काढली, घासली, पॉलिश केली. बायकोच्या फोटोलाही त्याने ती पट्टी वापरली नव्हती. लेकीच्या चित्राशेजारी भिंतीवर जागा पुसून ठेवली. आता फक्त चित्र यायचं होतं, आणि ते येत नव्हतं. "चित्र पाठव," तो दर रविवारी म्हणायचा. "पाठवू, बाबा," लेक म्हणायची आणि विषय बदलायची. चित्र कोण अडवतंय याबद्दल काटकोनाला तिळमात्र शंका नव्हती. फ्रेम करतं कोण म्हणणारा दुसरा कोण असणार!

शेवटी एका रविवारी नातीनेच चित्र उचलून स्क्रीनसमोर धरलं. पोरीने धरलं ते पार जवळ. काटकोनाला टेबल दिसलं, करवत दिसली, स्वतःचे हात दिसले. डोकं नव्हतं.

"वर कर, वर कर," तो ओरडला.

तिने वर केलं. डोकं दिसलं, पण पाय गेले.

"आजोबा, आता अख्खं दिसतंय ना?" तिने विचारलं, आणि तेवढ्यात कॉल तुटला.

काटकोन त्या काळ्या काठाकडे बघत राहिला. आता इथे दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पोरीने चित्र जवळ धरलं, आणखी काय. पण ज्या माणसाने जन्मभर खाचेत चित्रं बसवली, त्याला वेगळंच कळलं. चित्र गेलं नाही. पट्टीखाली आहे. या जावयाने असला टॅब गळ्यात मारलाय की त्याची पट्टी माझ्या नातीचं चित्र खाते!

मग तो उठला. जुन्या फ्रेमची काच सोडवायची त्याची एक पातळ सुरी होती. ती त्याने काठाच्या फटीत सरकवली. पट्टी काढायची, कड घासून अरुंद करायची आणि काच परत बसवायची, एवढंच काम. हात सराईत होता, पण सुरी पुढे जाईना. आत डिंकासारखं काहीतरी चिकट होतं. त्याने जोर लावला. कट्ट असा बारीक आवाज आला, स्क्रीनवर उभ्या रेघा उठल्या, आणि टॅब काळा पडला तो पडलाच.

समोरच्या रांगेत मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. ते चालवणारी बाई डोळ्याला भिंग लावून बसायची आणि तिला गिऱ्हाइकांचा काटकोनापेक्षा जास्त कंटाळा होता. तिने टॅब उलटसुलट करून पाहिला.

"कुणी उघडला हा?"

"मी. पट्टीखालचं चित्र मोकळं करत होतो."

"पट्टीखाली चित्र?" तिने भिंग वर सरकवलं. "काका, चित्र काळं सुरू होतं तिथेच संपतं. काठाखाली तारा असतात. पडद्यावरच्या प्रत्येक ओळीला पेटवणाऱ्या तारा कडेने जातात. तुम्ही त्याच कापल्यात."

"मग जावयाच्या टॅबला तारा नाहीत का? त्याचा काठ एवढुसा आहे."

"आहेत. त्या आणखी बारीक केलेल्या असतात, आणि त्यांची पट्टी दुमडून पडद्यामागे नेतात. पडदा काचेला नुसता कडेने न चिकटवता सपाट अख्खा चिकटवतात. त्याला महागडी यंत्रं लागतात, करताना कितीतरी पडदे फुकट जातात, ते सगळं किमतीत येतं. स्वस्त टॅबला जुन्या पद्धतीचा पडदा लावतात. तारांना ऐसपैस जागा, डिंकाला जागा, जोडणी थोडी इकडेतिकडे झाली तर झाकायला जागा. वर काळा रंग मारला की झालं. पडला तरी जाड काठ मार खातो, आणि धरताना अंगठा पडद्यावर येत नाही, हा आपला त्यातल्या त्यात फायदा."

"म्हणजे मागचं ओबडधोबड काम झाकायला जाड पट्टी."

"तुमच्या धंद्यात नाही होत असं?"

"माझ्या पट्टीखाली चित्र असतं," काटकोन फणकारला.

"हा मेलाय," ती म्हणाली. "नवा पडदा घालण्यापेक्षा नवा टॅब घ्या. आणि तो उघडू नका."

ओबडधोबड तो ओबडधोबडच, म्हणजे आपलंच खरं, एवढंच ऐकून काटकोन मेलेला टॅब काखेत मारून परतला. दुकानात त्याचा बटणांचा जुना फोन वाजत होता. लेक होती.

"बाबा, मघाशी तुटला, मग लागेचना. टॅब बंद आहे का?"

"बंद नाही, मेलाय. तुझ्या नवऱ्याने स्वस्तातला कचरा गळ्यात मारला तर मरणारच! स्वतःला चांगला ठेवला आणि सासऱ्याला—"

"बाबा, मी ऐकतोय," मागून जावयाचा आवाज आला. "मी तुम्हाला माझ्यासारखाच घेणार होतो."

"मग कुणी हात धरला होता तुमचा, जावईबापू?"

"मी," लेक म्हणाली. "मी सांगितलं सगळ्यात स्वस्त घ्या. तुम्ही तो उघडणार हे मला ठाऊक होतं. उघडलात ना?"

काटकोनाने फोनचा स्पीकर लावून तो टेबलावर ठेवला; हातात धरून भांडायला त्याला कधीच जमलं नव्हतं. "बरं, टॅबचं जाऊ दे. पोरीचं चित्र का अडवून ठेवलंय यांनी? मी पट्टी घासून ठेवलीय."

"त्यांनी दोनदा पाकिटात घातलं. दोन्ही वेळा मीच काढून घेतलं."

"तू? का?"

"तुम्ही ते कापाल."

"तुझं डोकं फिरलंय! मी जन्मात कुणाचं चित्र—"

"माझं कापलंत."

काटकोनाने मान वर करून भिंतीवर बघितलं. आई, बाबा, टेबल, करवत. "हे? हे समोर धडधाकट आहे की. एका गिऱ्हाइकाने परत केलेली चांगली फ्रेम होती, तिच्यात बसवलं. खालची थोडी कोरी जागा आत गेली असेल. ती गेली नाही, पट्टी—"

"पट्टीखाली आहे. माहीत आहे मला ते वाक्य. ती जागा कोरी नव्हती, बाबा. तिथे मी होते. टेबलाखाली बसलेली. शाळेतून आले की तिथेच बसायचे ना मी, तुमच्या टाकलेल्या तुकड्यांशी खेळत. ते चित्र माझं होतं, तुमचं दोघांचं नव्हतं. बक्षीस देताना बाईंनी विचारलं होतं, टेबलाखाली कोण आहे ही? आणि घरी आल्यावर तुम्ही ते भिंतीवर टांगलंत आणि मला म्हणालात, कोपरे बघ."

"असशील," काटकोन ओरडला. "असशील तर अजून आहेस. पट्टीखाली आहेस! उगाच एवढी वर्षं डूख धरून बसलीस. थांब, आत्ता उघडून सांगतो. मग तुला माझ्या नातीचं चित्र पाठवावं लागेल."

"उघडा," लेक म्हणाली.

त्याने चित्र उतरवलं, टेबलावर पालथं घातलं, मागचा टेप ओरबाडला, पकडीने खिळे उपसले. हे करताना तो बडबडत होता, लेकीला, जावयाला, त्या दुरुस्तीवाल्या बाईला. पुठ्ठा उचलला, कागद सुलटा केला आणि उजेडात धरला.

पट्टीने झाकलेली नखाएवढी जागा खालच्या कडेला होती, आणि तिथला रंग अजून ताजा होता. टेबलाच्या दोन पायांच्या मध्ये डोक्यावरच्या लाल रिबिनींची दोन टोकं होती. त्यांच्याखाली कागद नव्हता.

फाटलं असेल, कुरतडलं असेल, असं काहीतरी तो शोधत होता. कड फाटकी नव्हती. सवयीने त्याने गुण्या उचलला आणि कागदाच्या कोपऱ्यावर ठेवला. केसाएवढीही फट दिसली नाही. असं कापणारा हात या गल्लीत एकच होता.

"आहे?" टेबलावरून लेकीने विचारलं.

आहे म्हणता आलं असतं. ती शेकडो मैलांवर, टॅब मेलेला, बघायला कुणी येणार नव्हतं. शेजारी सागवानी पट्टी चकचकीत होऊन पडली होती. एक शब्द खोटा बोलला असता तर कदाचित पाकीट निघालंही असतं.

"कापलंय," तो म्हणाला.

"सरळ कापलंय?" लेकीने विचारलं.

"एकदम सरळ."

मग तिने फोन ठेवला.